डिप्लॉयमेंट एन्व्हायर्नमेंट आणि टार्गेट यांची मांडणी

तयार झालेले सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रणांवर, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या परवानगीने चढवायचे हे ठरवण्यासाठी मोठ्या संस्थांत केली जाणारी गटवारी. एन्व्हायर्नमेंट म्हणजे एका टप्प्याचा संपूर्ण संच: सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क, पासवर्ड, सेटिंग्ज. त्यातले ज्या ठिकाणी सॉफ्टवेअर प्रत्यक्ष बसते ते टार्गेट. मग तो सर्व्हर असो, व्हर्च्युअल मशीन असो की कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनरमधले सॉफ्टवेअर एकत्र चालवणारा यंत्रांचा समूह).

टप्पे सहसा डेव्हलपमेंट, टेस्ट, यूएटी (वापरकर्त्यांनी करायची स्वीकृती चाचणी), स्टेजिंग (प्रॉडक्शनसारखीच रंगीत तालीम) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातली यंत्रणा) असे असतात. नावे संस्थेगणिक बदलतात. महत्त्वाचे असते ते कुठे काय बिघडलेले चालेल याबद्दलचे एकमत. डेव्हलपमेंटमध्ये रोज मोडतोड होते, प्रॉडक्शनमध्ये पाच मिनिटांचा खंडही महाग पडतो. 'टेस्ट २', 'नवीन टेस्ट', 'टेस्ट फायनल' अशी नावे दिसू लागली की ते एकमत संपले आहे असे खुशाल समजावे. प्रत्येक ग्राहकासाठी किंवा शाखेसाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट काढण्याचा मोहही असाच फसवा. ग्राहक हा टप्पा नव्हे, त्याची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते.

एकदा तयार केलेला बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेला चालवण्याजोगा संच, तोच, न बदलता, पुढच्या टप्प्यावर जातो. बदलते ते फक्त कॉन्फिगरेशन. कॉन्फिगरेशन कोडबाहेर ठेवण्याचा हा आग्रह हेरोकू या क्लाउड कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या बारा सूत्रांमुळे ('ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप') सर्वत्र पोचला. दर टप्प्याला नवा बिल्ड केला, तर टेस्टमध्ये तपासलेली वस्तू आणि प्रॉडक्शनमध्ये गेलेली वस्तू एकच, याची खात्री उरत नाही.

टार्गेटची गटवारी सर्व्हरच्या नावावरून न करता कामावरून करतात: वेब, डेटाबेस, रात्रीच्या बॅच (एकगठ्ठा चालणारी कामे). अँसिबल या स्वयंचलनाच्या साधनात यासाठी इन्व्हेंटरीतले (यंत्रांच्या यादीतले) गट असतात, कुबरनेटिसमध्ये लेबले. 'प्रॉडक्शनमधील सर्व वेब टार्गेट' एवढे सांगितले की यादी आपोआप निघते. नवा सर्व्हर आला तरी स्क्रिप्ट बदलावी लागत नाही. कुबरनेटिसच्या नेमस्पेसने, म्हणजे एकाच क्लस्टरमधल्या नावांच्या कप्प्यांनी, टप्पे वेगळे करता येतात, पण ती भिंत पातळ असते. म्हणून प्रॉडक्शनला बहुधा स्वतंत्र क्लस्टर देतात.

यादी हाताने पाळण्याची किंमत नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने मोजली. जुलै २०१२ च्या अखेरीस तिच्या ८ सर्व्हरवर नवा कोड चढवला जात होता. तंत्रज्ञाकडून एक राहून गेला आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. त्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडने त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू करणारी खूण) पुन्हा वापरला होता. १ ऑगस्टला बाजार उघडताच तो जुना कोड जागा झाला. गोंधळात उरलेल्या ७ सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढून टाकला गेला आणि आग आणखी भडकली. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१३ मध्ये शिवाय १.२ कोटी डॉलरचा दंड केला. आठही टार्गेटवर एकच आवृत्ती आहे का, एवढी एक तपासणी तिथे नव्हती.

आपण नक्की कोणत्या यंत्रावर आहोत हा प्रश्नही वाटतो तितका बाळबोध नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली; सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा रंगच वेगळा ठेवतात, आणि तिथले पासवर्ड खालच्या टप्प्यांवर चालत नाहीत.

उलट दिशेची गळतीही होते. खरा डेटा तपासणीसाठी टेस्टमध्ये उतरवला की टेस्टचे ढिले कुलूप त्यालाही लागते. कार्ड व्यवहारांचे पीसीआय डीएसएस हे मानक प्रॉडक्शन आणि इतर टप्पे वेगळे ठेवायला सांगते. खालच्या टप्प्यांवर खरे कार्ड क्रमांक वापरायचे, तर तिथेही प्रॉडक्शनइतकेच संरक्षण असावे लागते. म्हणून बहुतेक जण क्रमांक झाकून किंवा बनावट डेटा घालूनच तपासणी करतात.