चयापचय या शब्दातला विसरलेला ‘चय’

जिममध्ये, डाएटच्या गप्पांत, अगदी लग्नाच्या पंगतीतही ‘माझं मेटाबॉलिझम स्लो आहे’ हे वाक्य हल्ली सहज कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात एक शेगडी असते. ती रसरसून पेटली तर माणूस बारीक, मंद पेटली तर जाड. ही कल्पना अगदीच खोटी नाही. जठराग्नी हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, भुकेने आपल्या पोटात आग पडते, आणि पचन बिघडलं की अग्नी मंद झाला असं वैद्य सांगतात. पण मेटाबॉलिझमसाठी मराठी पाठ्यपुस्तकांत रुळलेल्या चयापचय या शब्दात आग कुठेच नाही. चय म्हणजे रचणं, साठवणं. अपचय म्हणजे मोडणं, झिजणं. सजीव शरीर बांधतं आणि मोडतं, दोन्ही एकाच वेळी, एवढंच हा शब्द सांगतो. मला तो फार नेमका वाटतो, कारण या दोन्ही बाजू ध्यानात यायला विज्ञानाला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात एका खुर्चीपासून झाली. इटलीतल्या सांतोरिओ या वैद्याने मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली आणि तो तिच्यात बसून जेवू लागला. जेवणाआधी वजन, जेवणानंतर वजन, झोपून उठल्यावर वजन. मल-मूत्रही तो तोलून पाहायचा. हे त्याने वर्षानुवर्षं केलं आणि १६१४ मध्ये निष्कर्ष छापले. दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं पाच पौंड कुणाला न दिसता अंगातून निघून जातं, असा त्याचा हिशेब होता. त्याने याला न जाणवणारा घाम म्हटलं. श्वासातून काय बाहेर पडतं हे कळायला अजून दीडशे वर्षं होती. तरी शरीराचा जमाखर्च काट्यावर मांडून पाहायचा, हा विचार त्याच्यापासून रुजला.

तो हिशेब पुढे नेला पॅरिसच्या लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगाच्या उबेने सुमारे १३ औंस बर्फ वितळला. तेवढ्याच वेळात त्याने जो कार्बन डायऑक्साइड सोडला असता, तो कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळेल, हेही त्यांनी काढलं. उत्तर आलं साडेदहा औंसांच्या आसपास. आकडे तंतोतंत जुळले नाहीत. कार्बनसोबत हायड्रोजनही जळत असावा, असं लाव्हाझिएने पुढे मांडलं. पण श्वसन हे संथ ज्वलन आहे, ही गोष्ट पक्की झाली. पोटातल्या आगीला आता मोजमाप मिळालं होतं. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. आगीचं चित्र मात्र लोकांच्या मनात आजवर टिकून आहे.

मेटाबॉलिझम या शब्दाचं मूळ थेओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाकडे जातं. १८३९ मध्ये, प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं आहे हे मांडताना, पेशी भोवतीच्या द्रव्यांत जे रासायनिक बदल घडवतात त्यांना त्याने ‘मेटाबोलिश’ म्हटलं. ग्रीकमध्ये मेटाबोले म्हणजे बदल. बदल म्हटलं की तो बांधण्याचाही असू शकतो आणि मोडण्याचाही.

मग भांडण पेटलं ते हा बदल कोण घडवतं यावर. जिवंत पेशीत काही खास प्राणशक्ती असते का? फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरचं म्हणणं होतं की आंबवणं हे जिवंत यीस्टचंच काम. गोव्याचा पोदेर, म्हणजे पाववाला, पाव फुगवायला पिठात माडाची सूर, म्हणजे माडी घालायचा, तीही त्यातल्या जिवंत यीस्टच्या भरवशावरच. १८९६ मध्ये म्युनिकमध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूत घोटून पेशी फोडल्या, लगदा दाबून रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात भरपूर साखर घातली. आपण मुरांब्यात घालतो, त्याच हिशेबाने. रसातून बुडबुडे येऊ लागले. पेशी मेलेली, तरी साखरेची दारू होत होती. काम पेशीतल्या द्रव्यांचं होतं. आज आपण त्यांना विकरं किंवा एन्झाइम म्हणतो. बुखनरला १९०७ चं नोबेल मिळालं.

यानंतर प्रयोगशाळांत पायऱ्या शोधण्याची चढाओढच लागली. १९३७ मध्ये शेफिल्डला हान्स क्रेब्सने कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून अन्नातल्या कार्बनचा शेवटचा फेरा, म्हणजे आजचं क्रेब्स चक्र, उलगडला. ‘नेचर’ने त्याचं पत्र जागेअभावी परत पाठवलं, ते दुसऱ्या नियतकालिकात आलं. १९५३ चं नोबेल त्याला मिळालं.

क्रेब्सपेक्षा मला रुडॉल्फ शोनहायमरविषयी जास्त लिहावंसं वाटतं, कारण चयापचयातला ‘चय’ खऱ्या अर्थाने त्याने दाखवला आणि त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. दोघेही ज्यू कुटुंबांतले, दोघेही फ्रायबुर्गला काम करणारे, आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. शोनहायमर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे हॅरॉल्ड युरी जड हायड्रोजन आणि जड नायट्रोजन तयार करत होता. हे अणू रासायनिकदृष्ट्या नेहमीसारखेच वागतात, फक्त वजनाने वेगळे ओळखता येतात. शोनहायमरने त्यांची खूण म्हणून वापर केला.

तोवरची समजूत इंजिनाची होती. शरीराची घडण पक्की, रोजचं अन्न म्हणजे इंधन, आणि झीज झाली तर थोडीफार डागडुजी. शोनहायमरने पूर्ण वाढ झालेल्या उंदरांना जड नायट्रोजनची खूण केलेलं अमिनो आम्ल, म्हणजे ज्यातून प्रथिनं बनतात तो घटक, खाऊ घातलं. उंदरांचं वजन तर तेवढंच राहत होतं, म्हणजे नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडायला हवा होता. पण निम्म्याहून जास्त खूण सापडली ती उंदरांच्या यकृतात, आतड्यांत, स्नायूंत, प्रथिनांच्या आत बसलेली. जुनं उचललं जात होतं, नवं त्याच जागी बसत होतं, आणि वजनकाट्याला याचा पत्ताही नव्हता. चरबीचंही तसंच निघालं. ती कोठारात पडून राहत नव्हती, सतत बदलत होती. १९४१ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी शोनहायमर गेला.

वाढत्या मुलात चय जड असतो, उपासमारीत आणि लांबलेल्या दुखण्यात अपचय. धडधाकट मोठ्या माणसात दोन्ही पारडी जवळपास सारखी असतात, म्हणून काही घडतच नाही असं वाटतं. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह सुटं होतं, हाडांच्या मज्जेत पोचतं आणि नव्या पेशीत बसतं. असं रोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह अंगातल्या अंगात फिरतं. जेवणातून रक्तात उतरतं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम.