देव म्हणाला "मार", तर मारायचं का?

श्रावणात आजी चिलया बाळाची गोष्ट सांगायची. शंकर अतिथी होऊन येतो, पोराचं मांस मागतो, आणि चांगुणा पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडते. शेवटी बाळ हसत परत येतो, पण मला तोवर रडू आलेलं असायचं. एकदा मी विचारलं, तो खरंच शंकर आहे हे तिला कसं कळलं? आजी म्हणाली, "शेवटी कळला ना."

तो "शेवटी" माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. कारण खऱ्या आयुष्यात बाळ परत येत नाही. बायबलमधल्या अब्राहमालाही देव मुलाचा बळी मागतो आणि ऐन वेळी हात थांबवतो. त्यावर कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1798 साली लिहिलं की अब्राहमाने सांगायला हवं होतं, मुलाला मारू नये हे मला पक्कं माहीत आहे, पण तू देव आहेस हे पक्कं नाही. मला हे शंभर टक्के पटतं, आणि ते का पटतं याचं उत्तर मेंदूत आहे.

आमच्या वाडीतला एक दादा मुंबईहून नोकरी सोडून परत आला. पावसाळ्यात एका रात्री पडवीत आईजवळ बसून रडायला लागला, "आये, माका रवळनाथ सांगता, वयनीक संपव." अंगाला कापरं भरलेलं, पण आवाज देवाचाच याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. सकाळी घरचे देवळात कौल लावायला गेले. आमच्याकडे पाषाणाला ओले तांदूळ चिकटवतात, गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, उजवा पडतो की डावा हे चार माणसं डोळ्याने बघतात, शंका आली तर परत विचारतात. गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि तांदूळ हातात घेतलेच नाहीत. म्हणाला, "देव माणूस मारूक सांगणा नाय. ह्येका डॉक्टराक दाखवा."

आता एक करून बघा. स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करा. होत नाहीत, कारण हात हलायच्या आधीच मेंदू स्वतःलाच कळवतो की हे मीच करतोय, लक्ष नको देऊ. मनातल्या मनात बोलतानाही बहुधा असाच निरोप बोलण्याच्या भागाकडून ऐकण्याच्या भागाकडे जातो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात हा निरोप नीट पोचत नाही असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे, आणि मग आपलाच विचार परक्याचा आवाज होऊन कानावर येतो. 2000 साली लंडनच्या संशोधकांना दिसलं की ज्यांना आवाज येतात अशा रुग्णांना स्वतः केलेला स्पर्शही दुसऱ्याने केल्याइतकाच जाणवतो. त्याच्या कितीतरी आधी, 1949 मधे, लुई गूल्ड या डॉक्टरने एका रुग्णाच्या घशातली अगदी बारीक कुजबुज यंत्राने मोठी करून ऐकली, तर तिच्यातला मजकूर आणि रुग्ण सांगत होती ते आवाज जुळत होते. पुढे 1993 मधे मेंदूच्या स्कॅनमधेही दिसलं की आवाज येत असताना बोलण्याशी संबंधित भाग जास्त काम करत असतो.

म्हणजे दादा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच ऐकू येत होतं. फक्त "मला पक्कं वाटतंय" हा पुरावा होत नाही, कारण ते पक्केपण जिथे तयार होतं तीच जागा बिघडलेली असते.

आणि आवाज काय बोलतो हे आजूबाजूच्या जगावरही अवलंबून असतं. तान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतला सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी 20 रुग्णांशी बोलून 2015 साली लिहिलं की अमेरिकेतल्यांना हिंसेचे आवाज जास्त, अक्रात पुष्कळांना देवाचा आणि बरेचदा चांगलं बोलणारा, चेन्नईत मात्र कित्येकांना घरच्या नातेवाईकांचे, हे काम कर ते काम कर सांगणारे.

कोणी घाबरून जाऊ नये म्हणून सांगते, आवाज ऐकणारी बहुतेक माणसं कोणावर हात उगारत नाहीत, जिवाला धोका असलाच तर जास्त करून त्यांच्या स्वतःच्याच. पण आवाज ओळखीचा वाटला तर हुकूम पाळला जाण्याची शक्यता वाढते असं अभ्यासात दिसलंय, म्हणून घरच्यांनी "हो रे, देवच असेल" असं अजिबात म्हणू नये. "तुला काही ऐकू येत नाही, नाटकं करतोस" असंही नको, त्याने माणूस बोलायचाच बंद होतो. काय ऐकू येतं, कोणाला काय करायला सांगतो, हे शांतपणे सरळ विचारावं. हुकूम मारण्याचा असेल तर त्याला एकटं सोडू नये, कोयता, विळी नजरेआड करावी, ज्याचं नाव आवाज घेतो त्या माणसाला दुसऱ्या घरी ठेवावं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि 14416 या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर चोवीस तास कोणीतरी बोलायला असतं.

दादाचा आवाज गोळ्या सुरू झाल्यावर लगेच गेला नाही. तो म्हणायचा, आधी कानात बोलायचा, मग परसात, मग खालच्या वाडीत कोणीतरी रेडिओ लावलाय तसा, शब्द कळायचे नाहीत. यंदा शिमग्याला पालखीला त्याने खांदा दिला. वहिनी ओटी भरायला पुढे आली तेव्हा तो तिच्याच बाजूला उभा होता.