कालव्याच्या टेलची शाळा

अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरणाचे पाणी कालव्यात सोडले जाते, तेव्हा किती पाणी सोडले याचा आकडा धरणावरच्या नोंदवहीत चोख लिहिलेला असतो. ते पाणी मुख्य कालव्यातून शाखा कालव्यात, तिथून वितरिकेत, मग मायनरमध्ये आणि शेवटी शेतचारीत उतरते. वाटेत काही जमिनीत पाझरते, काही फुटलेल्या अस्तरातून नाल्यात जाते, काही ठिकाणी कोणी रात्री मोटार टाकलेली असते. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेपटाला, ज्याचे शेत आहे त्याला धरणावरच्या आकड्याचा काहीच उपयोग नसतो. त्याचा एकच प्रश्न असतो : माझ्या बांधापर्यंत पाणी आले का? धरणावरचा कारकून खोटे बोलत नाही आणि टेलचा शेतकरीही खोटे बोलत नाही, फक्त दोघे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून पाणी मोजत असतात.

एखाद्या देशाच्या सार्वजनिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुधारणेच्या वाटेवर चालवणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मला या कालव्याइतका चांगला दाखला सापडलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, जिला सगळे एनसीईआरटी म्हणून ओळखतात, ती १ सप्टेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली. अभ्यासक्रमाचे आराखडे, पाठ्यपुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीची राष्ट्रीय सर्वेक्षणे ही तिची कामे. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना ती पगार देत नाही, त्यांची बदली करू शकत नाही, त्यांना थेट आदेशही देऊ शकत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत आला, तरी शाळा चालवण्याचे काम राज्यांकडेच राहिले. त्यामुळे या संस्थेच्या प्रमुखाच्या हातात धरणाचे दार असते, कालवा नसतो. दार किती उघडले हे तो सांगू शकतो, पण पुढचे सगळे दुसऱ्यांच्या हाती असते.

दिल्लीतून निघालेली कल्पना पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे येते, तिथून जिल्ह्याच्या डाएटकडे, म्हणजे शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, मग तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे, मग दहाएक शाळा पाहणाऱ्या केंद्रप्रमुखाकडे आणि शेवटी शिक्षकाकडे. पाच टप्पे झाले. आता हिशेब करण्यापुरते असे धरू की प्रत्येक टप्प्यावर ऐकणारा माणूस हुशार आणि प्रामाणिक आहे आणि ऐकलेल्यातले ८० टक्के तो नीट पुढे पोहोचवतो. कोणत्याही प्रशिक्षणाला बसलेल्या माणसाला हे प्रमाण उदारच वाटेल. तरीही पाच वेळा ०.८ ने गुणले की शिक्षकापर्यंत जेमतेम ३३ टक्के उरते. प्रत्येक टप्पा ९० टक्क्यांवर नेला तर ५९ टक्के पोहोचते. उलट टप्प्यांची गुणवत्ता तशीच ठेवून मधले दोन टप्पे काढून टाकले, तरी ५१ टक्के पोहोचते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षण मोहिमेचे लक्ष्य सुमारे ४२ लाख शिक्षकांचे होते. एवढ्या संख्येला एकाच खोलीत बसवता येत नाही, त्यामुळे साखळी लागतेच, हे मान्य. पण साखळी लागते म्हणून गळती होत नाही असे नव्हे.

अंकांपेक्षा अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. ही गळती पाण्यासारखी एकजिनसी नसते. कल्पनेचे दिसणारे रूप शेवटपर्यंत पोहोचते आणि तिच्यामागचे कारण वाटेतच जिरते. महाराष्ट्रात २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि ज्ञानरचनावादाचा बोलबाला झाला. मूल वस्तू हाताळत, बोलत, चुकत स्वतःचे ज्ञान रचते, ही त्यामागची कल्पना. त्या काळात खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या फरश्या तैलरंगाने रंगल्या : अक्षरांचे गोल, अंकांच्या शिड्या, बेरजेची घरे. काही शाळांत त्यांचा फार सुंदर उपयोग झाला, हे मी पाहिले आहे. पण कालव्याच्या टेलला असलेल्या एका गावच्या द्विशिक्षकी शाळेत मी गेलो, तेव्हा त्या रंगवलेल्या अक्षरांवर सतरंजी अंथरली होती आणि मुले त्यावर बसून फळ्यावरचे शुद्धलेखन उतरवून घेत होती. रंग पोहोचला होता, फोटो वर गेला होता, रकाना भरला होता. गुरुजींना दोष द्यावा असे मला वाटले नाही. दोन शिक्षकांत पाच वर्ग, त्यांतले एक त्या दिवशी मतदारयादीच्या कामाला गेलेले. ज्याला कारण सांगितलेच गेले नाही, त्याने रूप सांभाळले.

विदर्भाला हा अनुभव नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’चा आराखडा तयार झाला. मूळ कल्पना अशी की सूत कातताना मुलाने लांबी मोजावी, वजन करावे, कापूस कुठल्या जमिनीत होतो हे शिकावे, म्हणजे गणित, भूगोल आणि श्रम एकाच धाग्यात यावेत. सेवाग्रामला, जिथे ही कल्पना जगणारी माणसे शिकवत होती, तिथे ती जिवंत होती. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी योजना होऊन देशभर गेली, तेव्हा बहुतेक ठिकाणी टकळी उरली, तिच्यातून निघणारे प्रश्न मागे राहिले. वेळापत्रकात कताईचा तास स्वतंत्र झाला आणि गणिताचा तास स्वतंत्र, म्हणजे जे एकत्र यावे म्हणून सगळा खटाटोप होता, नेमके तेच तुटले.

मग सुधारणेचा प्रमुख कशाच्या आधारे ठरवणार की पाणी टेलला पोहोचले? मोजमापाच्या. इथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेला नियम आडवा येतो : एखाद्या आकड्यावर निर्णय जितके अधिक अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडण्याची शक्यता वाढते, आणि ज्या कामावर नजर ठेवण्यासाठी तो होता त्या कामालाही तो बिघडवतो. भारतातच याचा पुरावा आहे. मध्य प्रदेशात शासकीय चाचणी दिलेल्या मुलांची संशोधकांनी स्वतंत्रपणे फेरतपासणी केली, तेव्हा सरकारी कागदावरचे गुण फारच फुगलेले निघाले. त्याच राज्यात शाळांचे सविस्तर मूल्यमापन करून प्रत्येकीचा सुधारणा आराखडा तयार करण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचा कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंह या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. मूल्यमापने झाली, आराखडे लिहिले गेले, पण शिकवण्याच्या पद्धतीत, शिक्षकांच्या प्रयत्नांत किंवा मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. तरीही कार्यक्रम यशस्वी ठरला आणि देशभरातल्या सहा लाखांहून अधिक शाळांत नेला गेला, कारण कागद वेळेवर पोहोचत होते. माझ्या मते शिक्षण प्रशासनावर अलीकडे झालेल्या संशोधनात याहून बोचरा निष्कर्ष दुसरा नसेल.

खरे मोजमाप कसे असते ते त्या टेलच्या शाळेतच पाहायला मिळाले. तिसरीच्या एका मुलीला मी साधे वाक्य वाचायला दिले : पाऊस पडल्यावर शेतकरी शेतात पेरणी करू लागले. तिने बोट ठेवून एकेक अक्षर उच्चारले, ‘पे… र… णी’, आणि शेवटच्या शब्दापर्यंत यायला तिला अर्धा मिनिट लागला. शेतकरी काय करू लागले, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पाऊस.” तिला पेरणी माहीत नव्हती असे मुळीच नाही. वाक्य बाजूला ठेवून विचारले तेव्हा तिने धडाधड सांगितले, “बाबा तिफनीनं पेरते, सोयाबीन पेरते, मंग तूर मधात रायते.” अडचण ज्ञानाची नव्हती, वाचनाच्या वेगाची होती. माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे मनाची ती छोटी पाटी, एका वेळी मोजक्याच गोष्टी काही सेकंद धरून ठेवते. अक्षर ओळखण्यातच ती भरून गेली की शेवटचा शब्द येईपर्यंत पहिला शब्द पुसला जातो आणि अर्थ जुळत नाही. म्हणूनच ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपली लिपी याबाबतीत मेहनत मागते. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरली तर ओळखायच्या आकृत्यांची संख्या शेकड्यांत जाते, आणि त्या पक्क्या व्हायला इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो.

एनसीईआरटीने २०२२ साली पायाभूत अध्ययनाचे सर्वेक्षण केले, तेव्हा सुमारे १०,००० शाळांतल्या ८६,००० तिसरीच्या मुलांना एकेकटे बसवून वाचून घेतले होते. महागडे आणि वेळखाऊ काम, पण धरणावरची नोंदवही बाजूला ठेवून टेलला जाऊन पाणी मोजण्याचा हाच मार्ग आहे. अशा मोजमापावर कोणाची वेतनवाढ अवलंबून नसते, म्हणून ते खोटे करण्याचे कारणही कोणाला नसते. प्रमुखाने कोणता आकडा शिक्षेसाठी वापरायचा नाही, हे ठरवणे मला त्याच्या कामातला सर्वांत अवघड निर्णय वाटतो, कारण वरून मंत्रालय नेमके त्याच आकड्याची क्रमवारी मागत असते.

आता मधल्या फळीकडे, म्हणजे दिल्ली आणि वर्ग यांच्यामधल्या अधिकाऱ्यांकडे येऊ. मुलांना इयत्तेप्रमाणे नव्हे, तर त्यांच्या प्रत्यक्ष वाचनपातळीप्रमाणे गटांत बसवून शिकवण्याची ‘प्रथम’ संस्थेची पद्धत अनेक चाचण्यांतून गेली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने तिचा दीर्घ अभ्यास केला. स्वयंसेवकांनी ती वापरली तेव्हा मुले झपाट्याने पुढे गेली. सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा बिहार आणि उत्तराखंडमध्ये नेहमीच्या शाळेच्या वेळेत जवळजवळ काहीच बदलले नाही. मात्र बिहारच्याच शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरात तीच पद्धत वापरली, तेव्हा मुले शिकली. शिक्षक तेच आणि पद्धतही तीच होती. फरक एवढाच की शिबिरात पाठ्यक्रम पूर्ण करण्याचा धाक नव्हता. पुढे हरियाणात २०१२-१३ मध्ये दोन गोष्टी बदलल्या : दिवसातला एक तास या कामासाठी सरकारी आदेशाने राखून ठेवला आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी काही दिवस स्वतः वर्गात उभे राहून मुलांना शिकवले. मग मुलांच्या भाषेत स्पष्ट सुधारणा दिसली. ज्याने स्वतः अर्धा मिनिट त्या ‘पेरणी’पाशी अडकलेल्या मुलासमोर काढला आहे, तो पुढच्या शाळेत गेल्यावर रजिस्टर मागण्याआधी मूल मागतो. साखळीतला एक टप्पा ८० टक्क्यांवरून कुठे जातो, ते इथे कळते.

यासाठी वेळ लागतो, आणि वेळ ही आपल्याकडची सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. फिनलंडने आपली नवी सर्वसमावेशक शाळा १९७२ ते १९७७ या काळात देशाच्या उत्तरेकडून, म्हणजे विरळ वस्तीच्या आणि दूरच्या भागाकडून सुरू करून दक्षिणेकडे आणली. कालव्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी टेलकडून सुरुवात केली. एर्की आहो हे तिथल्या राष्ट्रीय शिक्षण मंडळाचे महासंचालक १९७३ पासून १९९१ पर्यंत त्या पदावर होते. आपल्याकडे अधिकारी दोन उन्हाळे एका खुर्चीत टिकला तरी लोक कौतुक करतात.

महाराष्ट्रात १९९४ साली निर्माण झालेली केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे हीच ती मधली फळी. साधारण दहा प्राथमिक शाळांमागे एक माणूस, असा मूळ विचार होता. आज अनेक ठिकाणी एकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार आहे आणि दिवस माहिती गोळा करण्यात जातो. मी त्या शाळेत असताना त्या केंद्राचे प्रमुख आले. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा तालुक्याहून पोषण आहाराची आकडेवारी मागितली गेली. त्यांनी तो पालथा ठेवला आणि सतरंजी उलटून चार मुलांना रंगवलेल्या अक्षरांच्या गोलात बसवले. पाऊण तास ते त्या चौघांबरोबर होते. एका मुलाने ‘शाळा’ हा शब्द ‘शाया’ असा आणि ‘पावसाळा’ हा ‘पावसाया’ असा वाचला. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा ‘डोया’ होतो. मुलाने अक्षर ओळखले होते, अर्थही सांगितला, फक्त ते आपल्या तोंडाने म्हटले. वरून आलेल्या नमुन्यात ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोनच रकाने होते. केंद्रप्रमुखांनी थोडा विचार केला, ‘बरोबर’खाली खूण केली, कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले : ळ–य, घरची बोली, वाचन चांगले.