वळलेले गाळाचे थर हा भूकंपाचाच पुरावा नव्हे

नदीखोऱ्यातील गाळाच्या थरांना वळ्या पडलेल्या दिसल्या, की तेथे पूर्वी मोठा भूकंप झाला होता, असा समज वर्षानुवर्षे फिरतो. भूकंपाने ओला गाळ विस्कटतो हे खरेच आहे; पण थेम्सच्या खोऱ्यातील जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत आढळणाऱ्या अशा अनेक वळ्या हिमयुगात जमीन गोठल्याने आणि वितळल्याने पडल्या आहेत.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, मात्र खरा जोर त्याचा नसतो: बारीक गाळ खालचे पाणी वर ओढून घेतो, बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात आणि जमीन उचलली जाते. उन्हाळ्यात वरचा भाग वितळतो, खालची जमीन गोठलेलीच राहिल्याने पाणी मुरत नाही आणि चिखल झालेला गाळ वरच्या भाराने वळतो.

पडताळणीसाठी भेगा पाहाव्यात. कडक थंडीने आकसून पडलेली भेग खाली निमुळती होत जाते आणि तेथील बर्फ वितळल्यावर वरून पडलेल्या गाळाने भरते. भूकंपात मात्र वाळू खालच्या थरातून वर घुसते. नुसत्या वळ्यांवरून निवाडा करणे मला घाईचे वाटते, कारण ओला गाळ थंडी वा भूकंप नसतानाही केवळ वरच्या भाराने वळू शकतो.