देवनागरीचे तीन बाइट आणि घरच्या सर्व्हरवरचे कॉम्प्रेशन

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, घरातल्या लोखंडी कपाटावर, इन्व्हर्टरच्या आधाराने एक छोटा सर्व्हर अखंड चालू असतो. त्याला पंखा नाही, डिस्क एकच आहे आणि मेमरी जेमतेम ४ जीबी. शेतकरी गटाची इतिवृत्ते, दूध संकलनाच्या नोंदी, सातबाऱ्यांच्या प्रती, खंजिरी भजनांची ध्वनिमुद्रणे आणि नातेवाइकांच्या लग्नांचे फोटो असे सगळे त्याच्यावर साठवलेले आहे. अशा यंत्रावर फाइल सिस्टमचे (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेचे) कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती दाबून कमी जागेत ठेवण्याची सोय, कोणते ठेवावे, असे जाणकारांना विचारले, तर कोणी ते बंदच ठेवायला सांगतो, कोणी एलझेड४ ही दाबण्याची रीत सुचवतो, तर कोणी झेडस्टँडर्ड ही दुसरी. ही सारी उत्तरे आपापल्या काळात बरोबर होती, म्हणूनच त्यांचा काळ ओळखणे गरजेचे वाटते.

या सगळ्याचे मूळ अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली संशोधकांच्या १९७७ आणि १९७८ च्या दोन निबंधांत आहे. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो परत न लिहिता ‘इतके मागे जा आणि इतके बाइट उचल’ एवढीच खूण लिहायची, ही त्यांची कल्पना. ती सामान्य वापरकर्त्याच्या डिस्कपर्यंत पोहोचली १९९० च्या सुमारास, स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘स्टॅकर’मुळे. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.० सोबत ‘डबलस्पेस’ दिले. त्यावरून पेटंटचा दावा उभा राहिला आणि १९९४ मध्ये ज्युरीने स्टॅकला १२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. वापरणाऱ्यांच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट रुतून बसली. डबलस्पेस सगळी डिस्क एकाच लपवलेल्या फाइलमध्ये कोंबत असे आणि त्या फाइलला धक्का लागला, की सर्वच माहिती धोक्यात येई. ‘कॉम्प्रेशनच्या नादी लागू नका’ हा तालुक्याच्या जुन्या दुरुस्तीवाल्यांचा सल्ला त्या काळातला आहे, आणि त्या काळापुरता तो अगदी रास्त होता.

ही भीती दूर करणारी रचना २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टममध्ये दिसते. तिथे प्रत्येक ब्लॉक, म्हणजे फाइलचा तुकडा, स्वतंत्रपणे दाबला जातो आणि प्रत्येकाची तपासणी-बेरीज (बिघाड ओळखून देणारा आकडा) वेगळी ठेवली जाते, त्यामुळे एक ब्लॉक बिघडला तरी शेजारचा शाबूत राहतो. उरला प्रश्न प्रोसेसरवरच्या ओझ्याचा. जीझिप ही आधीची रीत जागा चांगली वाचवत असे, पण लहान यंत्राला ते झेपत नसे. यान कोले यांनी २०११ मध्ये एलझेड४ प्रसिद्ध केले आणि २०१३ मध्ये ते झेडएफएसमध्ये आले, तेव्हा हिशेबच उलटा झाला. डिस्कवरून कमी बाइट वाचण्यात जो वेळ वाचतो, त्यापेक्षा ते उलगडायला लागणारा वेळ कमी भरू लागला. ‘डोळे मिटून एलझेड४ लावा’ हे वाक्य त्या वर्षांतले आहे.

त्याच कोले यांनी पुढे फेसबुकमध्ये असताना झेडस्टँडर्ड घडवले, आणि त्याची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये आली. २०१७ च्या लिनक्स ४.१४ पासून ते बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये आणि २०२० च्या ओपनझेडएफएस (झेडएफएसची खुली आवृत्ती) २.० पासून झेडएफएसमध्ये वापरता येते. त्याचा मोठा गुण असा, की दाबण्याची पातळी वाढवली तरी उलगडण्याचा वेग फारसा घटत नाही. जो काही भार वाढतो तो लिहिताना.

एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड यांच्यातला फरक मराठी माणसासाठी विशेष महत्त्वाचा आहे, असे मला वाटते, आणि त्याबद्दल क्वचितच कोणी बोलते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘विदर्भ’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण वेलांटी आणि हलन्त धरून त्यात सहा चिन्हे आहेत, म्हणजे तो १८ बाइटांचा होतो. या तीन बाइटांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे खरी माहिती बहुतांशी तिसऱ्यात असते. एलझेड४ला किमान चार बाइटांचा जुळणारा तुकडा लागतो, त्याचा पत्ता लिहिण्यातच दोन बाइट खर्ची पडतात, आणि जुळणी न सापडलेले बाइट ते पूर्ण आठ बिटांत तसेच ठेवते. त्याने बचत होते, पण तिची मजल लवकर संपते. झेडस्टँडर्ड याच्या पुढे जाऊन वारंवार येणाऱ्या बाइटला लहान संकेत देते, म्हणून उरलेल्या मजकुरातला तो ठरलेला पहिला बाइट आठऐवजी एक-दोन बिटांत मावतो. गटाची इतिवृत्ते आणि दुधाच्या नोंदी शुद्ध मजकुराच्या फाइलींत असतील, तर एलझेड४वर थांबणे म्हणजे हाती असलेली जागा सोडून देणे होय.

फोटो आणि भजने यांची गोष्ट निराळी. प्रेसिंगमधून बांधून आलेली १७० किलोंची कापसाची गाठ हाताने आणखी दाबली जात नाही, तसेच जेपीईजी आणि एमपी३ फाइलींचे आहे. तिथे पुरेशी बचत नाही असे दिसले, की झेडएफएस तो ब्लॉक मूळ रूपातच ठेवते. २०२३ च्या ओपनझेडएफएस २.२ पासून झेडस्टँडर्डच्या तिसऱ्या आणि वरच्या पातळ्यांवर आधी एलझेड४ने अंदाज घेतला जातो, त्यामुळे व्यर्थ श्रमही बरेच टळतात.

वरच्या पातळ्यांचा मोह मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाळावा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पंखा नसलेल्या खोलीतले यंत्र आधीच तापलेले असते, आणि रास्पबेरी पाय ४ सारख्या पाटीचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला, की आपली गती स्वतःच कमी करतो. म्हणून मी मजकुराच्या विभागासाठी झेडस्टँडर्डची तिसरी पातळी ठेवली आहे आणि फोटो-भजनांच्या विभागासाठी एलझेड४. सेटिंग बदलल्यावर फक्त त्यापुढे लिहिली जाणारी माहिती नव्या रीतीने दाबली जाते, जुनी आहे तशीच राहते. त्यामुळे गटाच्या जुन्या नोंदी आषाढात हवा निवल्यावर रात्री थोड्या थोड्या नव्या विभागात उतरवून घेतल्या, आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत मूळ प्रत पुसली नाही.