तापीला त्रिभुज प्रदेश नाही, ते वेगामुळे नव्हे

अकोला-बुलडाण्याकडे शाळेपासून ऐकलेलं एक उत्तर आहे: पश्चिमेकडच्या नद्या वेगाने वाहतात, गाळ आणत नाहीत, म्हणून त्यांना त्रिभुज प्रदेश नाही. पावसाळ्यातली पूर्णा पाहणाऱ्याला हे पटायला नको. खारपाणपट्ट्यातून, म्हणजे खारट भूजलाच्या पट्ट्यातून, ती संथ, गाळाने काळीभोर वाहते आणि चांगदेवला तापीला मिळते. सुरतेजवळ तापीचा उतारही जेमतेमच.

खरं कारण मुखापाशी आहे. तापी खंभातच्या आखातात उतरते. आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरती चढत जाते. भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास पोचतो. तिथला जोरदार प्रवाह दिवसातून दोनदा गाळ ढवळतो आणि पसरवतो. उरते ती रुंद खाडी.

आता विदर्भाचीच दुसरी बाजू. वर्धा-वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं. तिथे भरती कमी, दोन मीटरच्या आत. म्हणून गाळ साचतो, त्रिभुज प्रदेश होतो. पण किनाऱ्याचा आकार लाटा ठरवतात. नैऋत्य मोसमी लाटा किनाऱ्यावर तिरप्या आदळतात: पाणी तिरपं चढतं, उताराने सरळ परततं. दर लाटेगणिक वाळू थोडी ईशान्येकडे सरकते. काकीनाड्यापुढचा लांबलचक वाळूचा दांडा असाच वाढला. बारीक चिकणमातीला मात्र शांत पाणी लागतं. ती दांड्याआडच्या उपसागरात, खारफुटीत बसते.

धरणांनी गाळ अडवला की लाटा थांबत नाहीत. आधी साचलेला किनाराच त्या खातात.