पुनर्विकासातला रहिवाशांचा सहभाग (मुंबई)

जुनी चाळ, सोसायटी किंवा झोपडपट्टी पाडून नवीन इमारत उभी राहते तेव्हा तिथं राहणाऱ्या माणसांनी मोजणीपासून चावी मिळेपर्यंतच्या निर्णयांत भाग घेणं, म्हणजे पुनर्विकासातला रहिवाशांचा सहभाग. हा शब्द सरकारी कागदावरच दिसतो, मुंबईत लोक एकमेकांना "कमिटी काय म्हणते?" आणि "तू सही केलीस का?" एवढंच विचारतात.

सही म्हणजे संमतीपत्रावरची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, म्हणजे एसआरएत, आधी ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागायची, नंतर ती ५१ वर आणली. पण त्याच्याही आधी यादी येते. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या सरकारी यादीत, नाव पात्र म्हणून आलं तर घर, अपात्र आलं तर ऑफिसच्या चकरा, आणि पोटभाडेकरूंना तर कुणी विचारतच नाही. मोजणी कोण करतं यावर म्हणूनच एवढी भांडणं होतात. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणती केली, पुढं त्याच कुटुंबांतल्या बायकांमधून महिला मिलन ही संघटना उभी राहिली आणि जॉकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेसोबत त्यांनी वस्त्यांची मोजणी वस्तीतल्याच माणसांनी करायची ही पद्धत रुजवली. हातात स्वतःची यादी असली की साहेबासमोर बोलताना आवाज वेगळाच लागतो.

सोसायट्यांचं गणित वेगळं. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली २००९ मध्ये पुनर्विकासाचे नियम आले आणि २०१९ मध्ये ते बदलले. आता बिल्डर निवडायच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, निबंधकाचा माणूस समोर हवा, व्हिडिओ शूटिंग हवं आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी. कागदावर चोख आहे हे सगळं. प्रत्यक्षात पीएमसीचा, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा, रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो चारजण वाचतात आणि बाकीचे कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) किती, कॉर्पस (बिल्डर देणार ती एकरकमी रक्कम) किती, काम चालू असेपर्यंतचं भाडं किती एवढंच विचारून घरी जातात. कमिटी फुटली की दोन गट, मग कोर्ट, आणि इमारत टेकूंवर तशीच उभी. बिल्डरच नको म्हणून काही सोसायट्या स्वयंपुनर्विकास करतात, त्यासाठी सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आणि व्याजात सवलत जाहीर केली, पण तिथं कमिटीला खरंच राबावं लागतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र बीडीडी चाळींचं. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सार्वजनिक. एका खोलीत मोरी, माळा, देव्हारा आणि तीन पिढ्या, त्यामुळे अर्धा संसार गॅलरीतच. पुनर्विकास म्हाडाकडे, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, आला, २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, ५०० चौरस फुटांचं घर ठरलं. गंमत अशी की या योजनेत रहिवाशांच्या संमतीची अटच नव्हती. म्हणजे सहीचं हत्यार गेलं, उरली फक्त खोली. मग लोक तीच धरून बसले, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर सर्व्हेला विरोध झाला, "आधी करार, मग खोली" ही मागणी जिन्याखालच्या फळ्यापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरली. कायमच्या पर्यायी घराचा करारनामा रजिस्टर करून द्या, भाडं वाढवा, नव्या टॉवरचा मेंटेनन्स परवडणार नाही त्याचं काय ते बोला. यातलं बरंच मिळालं: भाडं महिना २५ हजारांवर गेलं, १२ वर्षं देखभालीची जबाबदारी म्हाडाने घेतली. वर्षंही गेली म्हणा, बरेच म्हातारे नवीन घर न बघताच गेले.

वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे या योजनेच्या बाहेरच राहिल्या.